रक्ताच्या कागदावरचे दोन आकडे



माती परीक्षणाचा कागद घेऊन शेतकरी आमच्याकडे येतात, यात नवल काही नाही. ते आमचे कामच आहे. पण अलीकडे कोरेगाव भागात हिंडताना त्या कागदाच्या घडीतून दुसराही एक कागद निघतो. "साहेब, एवढं बी बघा की. तुम्ही शास्त्र शिकलाय." हा कागद रक्त तपासणीचा असतो. त्यावर दोन ओळींपुढे ठळक अक्षरांत ‘एच’ म्हणजे ‘जास्त’ असे छापलेले असते. एक ओळ ई.एस.आर. ची, दुसरी सी.आर.पी. ची. आणि घरात तेवढ्या एका अक्षराने चूल थंड झालेली असते.

मी डॉक्टर नव्हे. कोणाला कसला आजार आहे हे सांगणे माझे काम नाही आणि ते मी सांगतही नाही. पण हे दोन आकडे कशाचे असतात, ते कशाने चढतात आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण काय सांगायचे, एवढे समजून घ्यायला शेतकऱ्याला अवघड काही नाही. कारण याच जातीची तपासणी आपण गोठ्यात करत आलो आहोत.

कासदाह हा शब्द तुम्हाला माहीत आहे. गाईची कास लाल होते, गरम लागते, सुजते आणि हात लावू देत नाही. लाली, गरमी, सूज आणि दुखणे या चार गोष्टी एकत्र आल्या की त्याला दाह म्हणायचे. शरीरावर कोणी चाल करून आले, जंतू शिरले, मार लागला, तर शरीर तिकडे कुमक पाठवते. त्या धावपळीचाच हा दाह. आता कास वरून चांगली दिसत असतानाही आत दाह असू शकतो. म्हणून आपण चार सडांचे दूध वाटीत वेगवेगळे घेऊन त्यात सर्फचे पाणी मिसळतो. ज्या सडाचे दूध शेंबडासारखे चिकट होते, तिथे पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत असे समजतो. माणसाच्या रक्तातले ई.एस.आर. आणि सी.आर.पी. हे त्या सर्फच्या चाचणीचेच भाऊबंद. फरक एवढाच, की सर्फची चाचणी सडही दाखवते. रक्ताचा आकडा मात्र नुसता ‘दाह आहे’ एवढेच म्हणतो. गुडघ्यात आहे, फुप्फुसात आहे की दाताच्या मुळाशी, हे त्याला सांगता येत नाही.

आल्याचे पान पिवळे पडले की आपण काय करतो? कोणी म्हणतो लोह कमी पडले, जमीन चुनखडीची आहे. कोणी म्हणतो वाफ्यात पाणी साचले. आणि कधी खाली कंदकुज लागलेली असते. पान तिन्ही वेळा पिवळेच. म्हणून शहाणा शेतकरी पान बघून औषध आणत नाही, आधी कंद उकरून बघतो. ई.एस.आर. जास्त आला म्हणजे पान पिवळे पडले. कंद उकरणे अजून बाकी आहे.

आता हा ई.एस.आर. काढतात कसा ते ऐका, म्हणजे त्याचा धाक निम्मा कमी होईल. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात, ते एका बारीक उभ्या काचनळीत भरतात आणि एक तास तसेच ठेवतात. रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहते. तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या, तो आकडा म्हणजे ई.एस.आर. गढूळ पाणी कळशीत ठेवून गाळ बसू द्यावा, तसलाच हा प्रकार. दाह असला की रक्तात काही चिकट प्रथिने वाढतात. त्यामुळे तांबड्या पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर चिकटतात. सुटी भाकरी तरंगत जाईल, चवड मात्र पटकन बुडते. म्हणून दाहात गाळ लवकर बसतो आणि आकडा चढतो.

पोलंडच्या बिअरनाकी यांनी १८९७ साली हे प्रथम नीट मांडले. १९१८ साली स्वीडनच्या फॉरेउस यांच्या ध्यानात आले, की गरोदर बाईचे रक्त लवकर बसते. आणि १९२१ मध्ये वेस्टरग्रेन या त्यांच्याच देशबांधवाने क्षयाच्या रोग्यांवर ही तपासणी वापरून नळीची जी पद्धत बसवली, ती आजही चालते. जाता जाता गोठ्यातली एक गंमत सांगतो. घोड्याचे रक्त नळीत भराभर खाली बसते, अगदी निरोगी घोड्याचेसुद्धा. गाईचे रक्त मात्र तासाभरात जागचे हलत नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे जनावरांचे डॉक्टर गाईचा ई.एस.आर. काढायच्या भानगडीत पडत नाहीत.

सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे एक प्रथिन आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. याचा स्वभाव वेगळा. दाह सुरू झाला की काही तासांत ते चढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाले की तितक्याच चपळाईने उतरते. ई.एस.आर. मात्र आळशी बैल. उशिरा उठतो आणि एकदा चढला की आजार बरा होऊन गेला तरी कित्येक आठवडे खाली यायचे नाव घेत नाही. म्हणून न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचा ई.एस.आर. पंधरा दिवसांनी जास्तच दिसला, तर तेवढ्यावरून घाबरू नये. माणसाला भूक लागते का, ताप गेला का, चालताना दम लागतो का, हे आधी पाहावे.

सी.आर.पी. हे नाव आपल्या खेड्यांत घरोघर पोचले ते २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा पारावर पावसाच्या आकड्यांसारखे सी.आर.पी. चे आकडे बोलले जात. "ह्याचा चाळीस, त्याचा नव्वद." त्या आजारात तो आकडा उपयोगाचा होता यात शंका नाही. पण त्या दिवसांपासून लोकांच्या मनात सी.आर.पी. म्हणजे मरणाची चिठ्ठी असे जे बसले, ते अजून निघालेले नाही. दाढ सुजली, गळू झाले, घसा धरला, पायात काटा मोडून पू झाला, तरी सी.आर.पी. वाढते. वजन फार असले किंवा विडी-सिगारेट ओढत असाल, तरी थोडेसे वाढलेले राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दाह नसतानाही ई.एस.आर. वाढतो, आणि आपल्या घरातल्या बायकांचा तो बहुतेक वेळा अशाच कारणाने वाढलेला असतो. ते कारण म्हणजे अंगात रक्त कमी असणे. तांबड्या पेशीच कमी असल्या की नळीत त्यांची अडचण होत नाही, त्या सरळ खाली जातात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शेकडा ५४ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे आळीतल्या निम्म्याहून जास्त.

वसना काठच्या एका घरातला असाच एक कागद मी पाहिला. बाईचे वय पस्तीसच्या आत-बाहेर. ई.एस.आर. ५८. घरच्यांनी तोच आकडा धरून ‘वात आहे’ असे ठरवले आणि वर्षभर वाताच्या गोळ्या चालल्या. त्याच कागदावर तीन ओळी वर हिमोग्लोबिन ७.४ लिहिले होते. बारा तरी हवे, तिथे सात. त्या ओळीवर कोणाचे बोट गेले नव्हते. गोळ्यांनी पोटात आग व्हायची आणि बाई खुरपे घेऊन आल्याच्या सरीत बसली की तिला उठवत नव्हते. अशा वेळी आधी उपाय करायचा तो रक्त वाढवण्याचा आणि ते कमी का झाले हे शोधण्याचा. पाळीत जास्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पाळीचे सांगायला लाजून चालत नाही. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तेव्हा ई.एस.आर. ची ओळ बघण्याआधी हिमोग्लोबिनची ओळ बघा. घरातल्या पुरुषांनी तर बघाच.

वयाचेही तसेच. वय वाढते तसा ई.एस.आर. थोडा थोडा वाढतो. डॉक्टर लोक एक ढोबळ हिशेब धरतात. पुरुषाच्या वयाच्या निम्मा, आणि बाईच्या वयात दहा मिळवून त्याच्या निम्मा, इथपर्यंत चालते. साठीच्या म्हाताऱ्याचा २८ आला आणि कागदावर ‘० ते २०’ छापलेले असल्यामुळे पुढे ‘एच’ लागला, तर त्याला तेवढ्यासाठी साताऱ्याला धावायचे कारण नाही. गरोदरपणातही तो वाढतोच, हे वर आलेच आहे.

पण आकडा शंभराच्या वर गेला, तर त्याला वय आणि अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. तिथे बहुधा मोठे कारण असते. क्षय असेल, हाडात किंवा आणखी कुठे पू असेल, क्वचित रक्ताचा कर्करोगही असेल. अशा कागदाला घरी आठवडाभर कोनाड्यात ठेवू नये. आणि उलट, आकडा चांगला आला म्हणून क्षय नाहीच, असेही धरू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कसर, वजन उतरलेले, असे असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

सी.आर.पी. च्या आकड्यात एक खाच आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही प्रयोगशाळा हा आकडा एका लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या हिश्श्यामागे. एका घरी आजोबांचा पहिला आकडा १८ होता. आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतून २.४ आला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. पण पहिला लिटरचा होता आणि दुसरा डेसिलिटरचा. दुसऱ्याला दहाने गुणा, होतात २४. म्हणजे उतरला नव्हता, चढला होता. आकड्यापुढच्या इंग्रजी अक्षरांत शेवटच्या ‘एल’च्या आधी ‘डी’ आहे का, एवढे शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. त्याहून सोपे म्हणजे दोन्ही वेळा एकाच ठिकाणी तपासा. आम्ही मातीच्या नमुन्याला सांगतो तेच.

नमुन्यावरून आठवले. ई.एस.आर. चे रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत नळीत लावलेले बरे. सकाळी गावात रक्त काढायचे, दिवसभर मोटारसायकलच्या डिकीत उन्हात फिरवायचे आणि रात्री शहरात तपासायचे, असा आकडा भरवशाचा नसतो. या दोन तपासण्यांना उपाशीपोटी जायची मात्र गरज नाही. धार काढून, चहा-भाकरी खाऊन खुशाल जावे. आणखी एक ‘एच.एस.’ अक्षरे पुढे लावलेली सी.आर.पी. असते. ती हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी निराळी आहे. सर्दी-तापात ती करून घेण्यात अर्थ नाही.

आता सांधेदुखीकडे वळू, कारण दहांतले सात कागद त्याच पायी निघतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. तिथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. शेकडा १८ प्रौढांना काही ना काही दुखणे निघाले. पण ज्याला आमवात म्हणतात, तो सांधे वाकडे करणारा आजार दोनशे माणसांत एखाद्यालाच होता. बाकीच्यांचे दुखणे बहुतांशी झिजेचे, वाकून काम करण्याचे, ओझ्याचे. झिजेच्या गुडघ्यात ई.एस.आर. वाढत नाही. म्हणून दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी गुडघे बोलू लागले, तर रक्ताच्या कागदावर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना नुसता गुडघा दाखवावा.

आमवाताची खूण कागदाआधी हातात दिसते. पहाटे धार काढायला बसल्यावर मूठ वळत नाही. बोटांचे पेर आणि मनगटे दोन्ही हातांची सुजलेली. ऊन वर येईपर्यंत, तास-दीड तास हात मोकळे होत नाहीत, मग दुपारी जरा बरे वाटते. असे सहा आठवडे चालले असेल, तर ई.एस.आर. काहीही येवो, मोठ्या दवाखान्यात जावे. कारण या आजारातसुद्धा काही जणांचे दोन्ही आकडे ठीक येतात. आर.ए. फॅक्टर नावाची तपासणीही तशीच, काही रोग्यांत ती येत नाही आणि काही धडधाकट म्हाताऱ्यांत येते. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. वाकडी झालेली बोटे मात्र औषधाने सरळ होत नाहीत. या आजाराची एक नेहमीची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतते. तेव्हा वार ठरवून घ्या आणि गोळीच्या पाकिटावर लिहून ठेवा.

आणि त्या पुड्या. बाजाराच्या दिवशी मिळतात, कोणी जडीबुटी म्हणून देतो, कोणी सुई टोचतो. दोन दिवसांत दुखणे पळते, ई.एस.आर. सुद्धा उतरतो आणि देणाऱ्याचे नाव होते. अशा पुष्कळ पुड्यांत स्टेरॉईड कुटून घातलेले असते. हे औषध वाईट नव्हे. डॉक्टर ते तोलून मापून, ठरल्या दिवसांपुरते देतात. पण महिनोन्‌महिने आंधळेपणाने घेतले तर तोंड गरगरीत होते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि अंगात दबून बसलेला क्षय उठतो. आकडा उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. पिवळ्या पानाला हिरवा रंग फासला, कंद कुजतोच आहे. आणि घेत असलेली पुडी एकदम बंदही करू नका, त्यानेही माणूस कोसळतो. पुडी तशीच खिशात घालून डॉक्टरांकडे न्या आणि किती महिने घेतली ते खरे सांगा.

शेवटी आपल्या धंद्यातली गोष्ट. डॉक्टर विचारतात, ‘काही विशेष झाले होते का?’ आणि आपण ‘नाही’ म्हणतो. गोठ्यात काय झाले ते आपल्याला सांगावेसे वाटत नाही. सहा-सात महिन्यांची गाभण गाय गाभडली असेल, तिची वार तुम्ही उघड्या हाताने ओढून काढली असेल, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी चढउताराचा ताप, रात्री घाम, कंबर आणि खुबा धरणे असे सुरू झाले असेल, तर हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ब्रुसेला नावाचा जंतू गाई-म्हशींकडून माणसात असाच येतो, कच्च्या दुधातूनही येतो. यात ई.एस.आर. आणि सी.आर.पी. थोडेसेच वाढलेले दिसतात, कधी नाहीतही. त्यावरून डॉक्टरांना अंदाज लागणे कठीण. गाय गाभडल्याचे एक वाक्य ऐकले, की ते ब्रुसेलाची वेगळी रक्ततपासणी सांगतील. औषध आहे, पण ते सलग सहा आठवडे तरी घ्यावे लागते. आणि गोठ्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना एकदा लस टोचली की झाले. ती फक्त मादी वासरांना द्यायची असते. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. गाभडलेल्या जनावराची वार हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यापुढे टाकू नका.

शाळकरी मुलांचेही एक राहिले. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोराचा एक सांधा सुजला, तो बरा होतो न होतो तोच दुसरा धरला आणि ताप आला, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल चोळत बसू नये. हा संधिज्वर हृदयाच्या झडपा खातो. इथे ई.एस.आर. आणि सी.आर.पी. खरोखर कामाला येतात आणि पुढे वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवायचे नसते. तसेच कोणाचाही एकच सांधा एकाएकी लालबुंद, तापलेला आणि बरोबर ताप असेल, तर कागदाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क करण्यात आले. आपल्या केंद्रावर यातली कोणती तपासणी होते आणि कोणत्या वारी रक्त घेतात, हे आधी आशाताईंना विचारून जावे. जाताना जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, चालू गोळ्यांची पाकिटे न्या.

पुढच्या अंकात आल्याच्या बेण्याची निवड आणि साठवण.